मोरचुदी उन्हाळा

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले, रस्त्याकडेच्या होंगेला, म्हणजे आपल्या करंजाला, पोपटी पालवी फुटली आणि हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा पारा अठ्ठावीसच्या वर सरकला, की मी अजूनही सावध होते. मैसूरचा उन्हाळा तसा सभ्य. आमच्या सांगलीकडच्या उन्हाळ्यासारखा तो अंगावर धावून येत नाही. पण माणसाला सभ्य वाटणारा उन्हाळा समुद्रातल्या जीवांना सोसत नाही. मग टँकवर छोटे पंखे लावावे लागतात. पंख्यांनी पाणी भराभर उडून जातं आणि रोज दोन-तीन लिटर गोडं पाणी वरून घालावं लागतं. ती बादली हातात घेतली की तीन वर्षांपूर्वीचा मार्च-एप्रिल आठवल्याशिवाय राहत नाही.

आज सकाळीही तेच झालं. बादली खाली ठेवली आणि आधी काचेशी जाऊन उभी राहिले. बटणफुलं सगळी उघडी होती. बटणफुलं हे आमचं घरचं नाव. बटणाएवढ्या शेकडो फुलांची चटईच असते ती, नारिंगी आणि हिरवी. दिसतात फुलं, पण असतात जिवंत प्राणी. एक गोगलगाय काचेवर चढत होती आणि तिच्यामागे शेवाळ खाऊन स्वच्छ झालेला पट्टा उमटत होता. दगडाखाली कोळंबी मिशा हलवत बसली होती. सगळे हजर! अशी हजेरी घेतली की मला सुटल्यासारखं वाटतं आणि मगच चहा घशाखाली उतरतो.

हा समुद्र घरात आणला तो माझ्या नवऱ्यानं, महेशनं. बंगळूरच्या एका मित्राकडे त्यानं असा टँक पाहिला आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. नवरा असा गप्प बसला की समजावं, काहीतरी भलतंच शिजतंय. मी म्हटलं, "समुद्रच बघायचाय ना तुला? मंगळूरला जाऊ, चार दिवस राहू, पोटभर मासे खाऊ आणि परत येऊ." तो म्हणाला, "तसा नाही गं. घरात." घरात समुद्र! मी कपाळावर हात मारला. पण महिन्याभरात हॉलमध्ये लोखंडी स्टँड आला, त्यावर तीन फुटांची काच आली, खाली पाणी गाळायची दुसरी टाकी आली, लाटा उसळवणारे पंप आले आणि निळे दिवे आले. मिठाची तर पोतीच आली. हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे, समुद्रात असतं ते सगळं त्यात असतं. नळाचं पाणी चालत नाही म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, त्यात ते मीठ विरघळवायचं आणि खारटपणा दुर्बिणीसारख्या नळीतून मोजायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे सगळं वाचून काढायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. हौस एकाची, अभ्यास दुसऱ्याचा.

या उद्योगात पहिले पाच-सहा आठवडे बघण्यासारखं काहीही नसतं, हे कुणी सांगत नाही. खारं पाणी, पांढरी वाळू आणि दगड, बस्स. त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढू द्यायचे, ते घाण पचवायला लागले की मग मासे आणायचे. शेजारच्या शांतम्मा रोज डोकावून जायच्या. "मासे कुठेत?" "यायचेत." "मग हे काय?" "दगड." त्या माझ्याकडे अशा काही कळवळ्यानं बघायच्या, की मला स्वतःचीच कीव यायची. पुढे केशरी माशांची जोडी आली, कोळंबी आली, गोगलगायी आल्या आणि सगळ्यात शेवटी प्रवाळ आलं. हाडाचं, कडक प्रवाळ आपल्याकडे घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आमचं मऊ जातीचं, तेही कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेलं, कापून दिलेलं. शेजारणीकडून गुलाबाची फांदी आणावी तसं आणलं.

पण मला सांगायचंय ते मामांबद्दल. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. हे घराणं रंगाऱ्यांचं. पाच-सहा पिढ्यांपूर्वी मैसूरला आलेलं, घरात मराठी बोलणारं, पण त्या मराठीत निम्मं कन्नड कालवलेलं. लष्कर मोहल्ल्यात त्यांचा रंगाचा कारखाना होता. सूत, रेशीम, साड्या, जे येईल ते मामा हातानं रंगवायचे. ठशांची छपाईही करायचे. कुणी जुन्या साडीचा फाटका पदर घेऊन आला आणि "हाच रंग पाहिजे" म्हणाला, की मामा तो पदर एकदा बघायचे आणि संध्याकाळपर्यंत तोच रंग उतरवून द्यायचे. मग काम येईनासं झालं. टँक यायच्या दोन वर्षं आधी त्यांनी एके दिवशी शटर खाली ओढलं ते ओढलंच. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मामा दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले आणि रंगाचं नावच टाकलं त्यांनी. मी विचारायची, "मामा, लग्नाला कोणती नेसू, ही का ही?" म्हणायचे, "कोणतीपण." रंगाऱ्यानं कोणतीपण म्हणावं! मला भडभडून यायचं.

टँकचे ते दगडांचे आठवडे चालू होते तेव्हाची गोष्ट. पाण्यात अमोनिया किती आहे ते तपासायचं असतं. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि पाण्याला येणारा रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. महेश म्हणत होता हिरवा, मी म्हणत होते पिवळा. आमचं चांगलंच जुंपलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्यो, हिरवा नव्हे तो. पिवळ्यात एक थेंब निळं पडलंय, तेवढंच. आणि दिव्याखाली काय बघायलात? दिवा खोटं दाखवतो. खिडकीत या." मामा खुर्चीतून उठले होते. त्यांनी नळी घेतली, उत्तरेच्या खिडकीशी गेले, अंगावरच्या पांढऱ्या पंच्याचा पदर नळीमागे धरला आणि कार्डाकडे एकदाच बघून म्हणाले, "पाव. अर्धा नव्हे. आणि हे कार्ड छापणाऱ्यानं तिसरा रंग पातळ मारलाय."

त्या दिवसापासून तपासणी मामांची. सकाळी दहाला, उत्तरेच्या उजेडात, पंच्यावर. नायट्रेट गुलाबी छटांत येतं, फॉस्फेट निळ्या छटांत. मामा आकडा तर सांगायचेच, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं रंगाचं नावही लिहायचे: अबोली, फिकट डाळिंबी, आकाशी. जानेवारीत महेशला कंपनीनं आठ महिन्यांसाठी हैदराबादला पाठवलं. समुद्र आमच्या गळ्यात टाकून साहेब निघून गेले. मग राहिलो आम्ही दोघं, एक तापट सून आणि एक अबोल सासरा. खरं सांगते, लग्नानंतर सोळा वर्षांत आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या दोन महिन्यांत बोललो. मंजिष्ठ कशी उकळतात, निळीच्या पिंपाला कोणता वास आला की ते तयार झालं समजायचं, ढगाळ दिवशी रंग का बघू नये, असं काय काय त्यांनी सांगितलं. मी विद्यार्थिनीसारखी ऐकायची. मला त्यांचा लळा लागला, हे सरळच सांगते.

आणि मग मार्च उजाडला. नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं. घरातले पिंप, बादल्या, घागरी सगळं पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्यानं अडलेलं. त्यात आरओचं पाणी साठवायचा प्लॅस्टिकचा ड्रम तळाला तडकला. टँकला तर आता रोज पाणी लागत होतं. मी घरभर नजर फिरवली आणि मागच्या न्हाणीत मला तांब्याचा हंडा दिसला. कारखाना बंद करताना सगळी भांडी मोडीत गेली, हा एवढा एक हंडा मामांनी ठेवून घेतला होता. आयुधपूजेला त्याला कुंकू लागायचं, एरवी तो पालथा. चाळीसेक लिटर सहज मावतील एवढा. मी त्याला चिंच आणि मीठ लावून असा घासला, असा घासला, की तोंड दिसावं. मनात म्हटलं, प्लॅस्टिकपेक्षा तांबं केव्हाही चांगलं. आई लहानपणी उशाशी तांब्याचा तांब्या ठेवायची, सकाळी उठल्याउठल्या ते पाणी प्यायला लावायची. तांब्यातलं पाणी म्हणजे औषध, हे आपल्या हाडांतच भिनलेलं असतं. मामांचे गुडघे दुखायचे, ते मागे न्हाणीकडे फिरकायचे नाहीत. दुपारी ते आडवे झाले की मी आरओची नळी हंड्यात सोडायची आणि संध्याकाळी त्यातलं पाणी टँकला द्यायची. त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. हंडा तर होता, त्यात सांगायचं काय?

आठ-दहा दिवसांनी पहिली गोगलगाय वाळूवर उताणी पडलेली दिसली. सरळ करून ठेवली, तर पुन्हा उताणी. दोन दिवसांत आणखी तीन. मग एका सकाळी कोळंबी गेली. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली आमची कोळंबी रंग उडालेल्या चिंधीसारखी पंपाला चिकटली होती. बटणफुलं मिटली ती उघडेचनात. मासे मात्र मजेत, दाणे टाकले की वर येऊन धडका मारायचे. मला काही उमगेना. मामांनी पाणी तपासलं. म्हणाले, "सगळं सरी आहे की. नायट्रेट दहा, फॉस्फेट नसल्यातच जमा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, पुन्हा सगळं सरी, म्हणजे बरोबर. आणि टँकमध्ये एकेक जण मरतोय.

त्या बुधवारी माझ्यापुढे आठवीचे चाळीस पेपर पडले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि टँकमधलं छत्रीसारखं प्रवाळ एका बाजूला कलंडलं होतं. मामा खिडकीत नळी धरून म्हणाले, "आजपण सरी आहे." आणि मी तोंड सोडलं. "मामा, तुम्हाला नक्की दिसतंय ना? का नुसतं अंदाजपंचे ठोकताय? दिसत नसेल तर तसं सांगा, मी बघते!" बोलले आणि जीभ चावली. पण शब्द काय परत येतात? मामांनी नळी स्टँडमध्ये ठेवली, हात पुसले, कार्ड नीट घडी करून डब्यात टाकलं आणि आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरच्या चौकटी कोऱ्या. चष्मा कपाटात गेला. पेपर आला तरी घडी मोडायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "सुम्ने, उगाचच. वाचायला काय आहे त्यात." एकदा जेवताना, मी काही न विचारता मामा आपणहून म्हणाले, "माझ्या बाबांची नजर अशीच गेली. आधी निळे रंग गेले, मग सगळंच. शेवटी शेवटी कापड बोटांनी चाचपायचे आणि मला विचारायचे, कुठला रंग रे हा? रंगारी माणूस! मी सांगायचो, आणि ते हो म्हणायचे." एवढं बोलून आमटी भुरकली. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांना दाखवू या." "बेडा अम्मा, नको. ते काय सांगतील मला माहीत आहे. ठेवलंयस ते समुद्र, ते काढून टाका. महेशला सांग." फोनवर महेशही हेच म्हणाला, डॉक्टरकडे ने. नेणार कशी? बाहुलं आहेत का ते? आणि कोणत्या तोंडानं नेणार होते? आंधळा म्हणाले होते मी त्यांना, त्यांच्याच घरात.

मीच तपासायला लागले. माझे डोळे सकाळी दहा म्हणायचे, दुपारी वीस. शेवटी ज्याच्याकडून टँक घेतला होता त्या बंगळूरच्या दुकानदाराला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी फोन लावला. शांत माणूस. त्यानं एकेक विचारलं. मासे कसे आहेत? ठणठणीत. गोगलगायी? गेल्या. कोळंबी? गेली. "मग तांबं आहे, मॅडम. माशांना थोडंबहुत चालतं, बाकीच्यांना थेंबभरही विष. माशांचं औषध घातलंत का काही?" मी म्हटलं, छे हो. "तुमच्या त्या कार्डांवर तांबं दिसतच नाही. त्याची तपासणी वेगळी असते. पाणी कशात ठेवता?"

फोन कानाला लावून मी न्हाणीच्या दारात उभी होते. समोर हंडा, लख्ख. पोरांना मीच शिकवते, शुद्ध पाणी भुकेलं असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्यातलं काहीतरी ओढून घेतं. वर चिंचेनं घासून त्याचं कवचही मीच काढलं होतं. आणि टँकमधलं पाणी उडून जातं, तांबं उडून जात नाही, ते रोजच्या रोज साठत राहतं. आठवीच्या पोरानं सांगितलं असतं! मी तिथेच पाटावर बसले. "मॅडम? मॅडम?" तो विचारत होता.

त्यानं बसच्या पार्सलनं गादीसारखे जाड पांढरे तुकडे पाठवले. ते पाण्याच्या वाटेत ठेवायचे, ते तांबं शोषून घेतात. मी हंडा रिकामा केला, शांतम्मांकडून प्लॅस्टिकचा पिंप उसना आणला, अर्धं पाणी बदललं, गादी बसवली. हे सगळं मामांना न सांगता. का सांगितलं नाही? भित्री म्हणून. सोळा वर्षं या घरात मी शहाणी म्हणून मिरवले होते. आधी खात्री करू, मग सांगू, असं मनाला समजावत तीन दिवस काढले. मामा खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघणं चुकवायची.

प्रवाळाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. छत्री गेली. ती वाचली नाही. बटणफुलं पुढच्या आठवड्यांत एकेक करत उघडली, आधी कडेची सात, मग बारा, मग मोजणंच सोडलं. निम्मी चटई वाचली आणि तिचीच आजची ही आहे.

चौथ्या दिवशी सकाळी गादी काढली. ती आता पांढरी राहिली नव्हती. स्टीलच्या ताटलीत ठेवून मी ती मामांपुढे नेली.

"मामा, हा रंग कोणता?"

"मला कशाला विचारतेस? माझं काय खरं आहे आता."

"तरी सांगा."

"बेडा अम्मा."

मी ताटली त्यांच्या मांडीवरच ठेवली. थोडा वेळ ते तिच्याकडे न बघता बसले. पण हात ऐकेनात. बोटांनी एक कोपरा उचलला, दाबला, पुन्हा ठेवला. मग उठले, कपाटातून चष्मा काढला, पंच्यानं पुसला आणि उत्तरेच्या खिडकीशी गेले. दहा वाजले असतील, उजेड स्वच्छ होता. त्यांनी गादी उलटसुलट करून बघितली.

"निळा नव्हे," ते म्हणाले. "हिरवापण नव्हे. मोरचूद आहे हे. मोरचुदीचं पाणी पांढऱ्या कापडावर सांडलं की वाळताना कडेला असाच रंग चढतो. कारखान्यात शंभरदा बघितलाय मी." आणि मग माझ्याकडे वळून, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अगं, तांबं आहे हे! आपल्या पाण्यात तांबं कुठून आलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तडकलेला ड्रम, हंडा, चिंच, मीठ, रोजची बादली, दुकानदाराचा फोन, तीन दिवसांची लपवाछपवी. आणि म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले, त्याची मला लाज वाटते, मामा. तुमचं काही चुकलं नव्हतं."

मला वाटलं, आता ओरडतील. हंड्याबद्दल ओरडतील, तीन दिवसांबद्दल ओरडतील. हक्कच होता त्यांचा. ते हळूच खुर्चीत बसले.

"म्हणजे माझे आकडे?"

"बरोबर होते."

"नायट्रेट?"

"बरोबर."

"बुधवारचं फॉस्फेट?"

"तेही बरोबर. सगळे बरोबर होते, मामा. त्या कार्डांवर तांबं दिसतच नाही."

"मग डोळे..."

"डोळ्यांना काही झालेलं नाही. आत्ता नाही का तुम्ही रंग सांगितलात? चूक माझी होती."

"हौदा? खरं?"

"खरं."

"नक्की तुझी?"

"शंभर टक्के माझी."

त्यांनी पंच्याचा पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. मी घाबरून वाकले, तर ते हसत होते, आणि रडतही होते. दोन्ही हात जोडून देवघराकडे बघून म्हणाले, "चामुंडेश्वरी, सुनेची चूक आहे गं! बरं झालं गं बाई!" माझ्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्या पायाशी फरशीवर बसून रडले, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी. पुढच्या आठवड्यात ते आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात आहे, काढायची घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण ते नंतरचं. त्या घडीला त्यांना दम धरवत नव्हता.

"फोन लाव," म्हणाले. "बन्नूरला, अक्काला." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्या. वडिलांची नजर जाताना दोघांनी मिळून बघितली होती. या पंधरा दिवसांत एकट्या तिलाच त्यांनी आपली भीती सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं. फोन लागल्याबरोबर ते उभे राहिले. "अक्का! डोळे नव्हेत गं! डोळे ठीक आहेत माझे! सूनबाईनं चूक केली! हो हो, मोठी चूक! फार मोठी!" पलीकडे बहुधा विश्वास बसत नव्हता. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तू सांग. ती म्हणते, मी सुम्ने तिची समजूत घालतोय."

"खरं का गं?" आत्यांनी विचारलं. "तुझीच चूक का? त्याचे डोळे नव्हेत ना?"

"हो आत्या, माझीच चूक," मी म्हटलं. मामा शेजारी उभे राहून कानाकडे बोट दाखवत होते, जोरात सांग, तिला कमी ऐकू येतं. म्हणून मी ओरडून सांगितलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "माझी चूक! आत्या, सगळी माझी!"